मागच्या गाडीतला माणूस दाखवू नका

काल रात्री 'ड्युएल' परत बघितला, चौथ्यांदा असेल, आणि संपल्यावर झोप काही येईना म्हणून लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ज्यांनी बघितला नाही त्यांना एवढंच सांगतो. १९७१ चा पिक्चर, स्टीव्हन स्पीलबर्गनं टीव्हीसाठी केलेला, तेव्हा त्याचं वय २४. एक साधा नोकरदार माणूस लाल गाडीतनं कामाला निघालाय, वाटेत एका गंजक्या टँकरला ओव्हरटेक करतो आणि तिथनं तो टँकर त्याच्या मागं लागतो ते शेवटपर्यंत. बास, एवढीच स्टोरी. खिडकीतनं बाहेर आलेला हात दिसतो, टँकरखालनं बूट दिसतात, पण ड्रायव्हरचा चेहरा नाही, नाव नाही, आणि तो हे का करतोय ते तर कुणी सांगतच नाही.

माझं म्हणणं असं आहे की मागं लागलेल्या गाडीचा पिक्चर काढायचा तर असाच काढावा. आपल्याकडं असले पिक्चर बिघडतात ते इथंच. पहिला तास नखं खात बघतो आपण, आणि मग इंटरव्हलनंतर दार उघडून कुणीतरी उतरतो, त्याच्या बहिणीवर कधीकाळी अन्याय झालेला असतो, दहा मिनिटांचा फ्लॅशबॅक, पाऊस, रडारड, आणि भीती गेली ती गेलीच. आता तो माणूस झाला, त्याच्याशी बोलता येतं, त्याला हाणता येतं.

हे नुसतं पिक्चर बघून म्हणत नाही मी.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चौघं बामणोलीहून साताऱ्याला परत येत होतो. शाळेपासूनचे मित्र. गाडी वाईवाल्याची, तोच चालवत होता, मी शेजारी, मागं कराडवाला आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा. पाण्याकाठी चहा पिऊन निघायला साडेसात वाजले. कास मागं पडलं, रस्त्याला चिटपाखरू नाही, आणि मागं लाइट दिसले. अप्पर मारलेले. वाईवाल्यानं साइड दिली, नाही गेला. हात बाहेर काढून जा बाबा म्हणून खुणावलं, नाही गेला. आम्ही तीसवर आलो तर तो तीसवर, साठ केले तर त्याचेही साठ, आणि मधलं अंतर तेवढंच, एक गाडी बसेल एवढं.

त्या रात्रीतलं मला आजही सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर आमच्याच डोक्यांच्या सावल्या. मागनं एवढा उजेड की मागच्या दोघांची डोकी डॅशबोर्डवर काळीकुट्ट पडलेली, आणि वळण आलं की ती डोकी तिथनं सरकत सरकत दारापर्यंत जायची आणि वळण संपलं की परत जागेवर. मागच्या काचेवर दुपारी धाकट्यानं धुळीत बोटानं आपलं नाव लिहिलं होतं, ते आम्हाला आतनं उलटं दिसत होतं, अक्षर न अक्षर. आरशात मात्र नुसता पांढरा गोळा. गाडी कुठली, रंग कुठला, आत एकजण आहे का पाच, काही म्हणजे काही कळत नव्हतं. ११२ ला फोन लावावा म्हणलं तर रेंज नाही.

पहिली दहा मिनिटं त्याला शिव्या घालण्यात गेली. मग कराडवाला म्हणला, थांबव रे, बघू तरी कोण हाय. धाकटा म्हणला, थांबवू नको, तुला आईची शपथ. वाईवाला त्याच्यावरच ओरडला. आणि मग ते सुरू झालं, आपण कुणाचं काय केलं? टपरीवर गाडी काढताना कुणाला अडवलं का? जाताना अरुंद रस्त्यावर एकाला साइड दिली नव्हती तो तर नसेल? तू त्या पोरांकडं बघून कशाला हसलास म्हणून कराडवाल्यानं धाकट्याला झापला, तो बिचारा आमच्यावरच हसत होता. पंधरा वर्षांची दोस्ती, आणि अर्ध्या तासात आम्ही एकमेकांवर ढकलायला लागलो.

यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरवर उतरत होतो. खाली अख्खं सातारा पसरलेलं, अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा दिसतोय, घर एवढं जवळ, आणि मागं तो. समर्थ मंदिराच्या चौकात आलो, तिथं माणसं, रिक्षा, वडापावची गाडी, वाईवाल्यानं तिथंच गाडी उभी केली. मागं वळून बघितलं तर कुणी नाही. शेवटच्या दोन वळणांत कुठंतरी तो थांबला असेल नाहीतर माघारी वळला असेल.

आजपर्यंत कळलं नाही कोण होता. तुम्ही म्हणाल दारू प्यालेला असेल, किंवा बिचाऱ्याला रस्ता माहीत नसेल म्हणून तुमच्या मागनं येत असेल. असेल की. त्यातलं एक खरं आहे असं उद्या कुणी सांगितलं तर माझी भीती तिथंच संपेल. मी तेच तर म्हणतोय!

म्हणून 'ड्युएल'मधला हॉटेलातला सीन मला बसल्या जागी हलवून सोडतो. हिरो जीव मुठीत धरून हॉटेलात येतो, बाहेर बघतो तर टँकर उभा. म्हणजे ड्रायव्हर इथंच कुठंतरी बसलाय. मग हा एकेकाच्या पायांकडं बघत सुटतो, कारण याला माहीत आहेत ते फक्त बूट, आणि बूट तर सगळ्यांचे सारखेच. शेवटी एकावर आळ घेतो, तो भलताच निघतो, वर मार खातो ते वेगळंच. आम्ही गाडीत दुसरं काय करत होतो? आणि तो रेडिएटरचा पाइप. पंपावरचा माणूस सुरुवातीलाच सांगतो पाइप बदलायला झालाय, हा म्हणतो नंतर बघू, आणि ऐन चढाला गाडी तापते. मे महिन्यात खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या गाड्या ज्यानं बघितल्यात त्याला त्या चढाची धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

'जॉय राइड' (२००१) पण बघा. दोन भाऊ गाडीतल्या सीबी रेडिओवर, म्हणजे एका गाडीतनं दुसऱ्या गाडीशी बोलायच्या रेडिओवर, एका ट्रकवाल्याची चेष्टा करतात, बाईचा आवाज काढून, आणि तो मागं लागतो. तिथं कारण आहे हे खरं, पण बराच वेळ आपल्याला त्याचा नुसता आवाज मिळतो, म्हणून भीती टिकते. टॅरँटिनोच्या 'डेथ प्रूफ'मध्ये (२००७) उलटं, माणूस सुरुवातीपासनं समोर, पोरींशी गोड बोलतोय, आणि गाडी अशी बनवलेली की धडकेत वाचायचं ते फक्त ड्रायव्हरनं. त्यात झोई बेल चालत्या गाडीच्या बॉनेटवर पट्टे धरून पडलीये, ती खरीच स्टंट करणारी बाई, आपल्याच नावानं काम केलंय तिनं, बघताना तळहाताला घाम सुटतो. पण त्या रात्री मी शांत झोपलो. चेहरा बघितलेला होता ना.

आता मराठीत कुणीतरी हे मनावर घ्या. रस्ते शोधायला लांब जायची गरज नाही, गळीत हंगामात वाळवा, पलूस, तासगावच्या बाजूला रात्री एकदा गाडी घालून बघा. पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही का रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही अंगाला बाहेर आलेला, टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की हॉर्न ऐकू जात नाही, डावीकडं साइडपट्टी खचलेली, समोरनं येणारा प्रत्येकजण अप्परवर, गाडीत उसाचा ओला वास भरलाय, आणि मागं तो. अमेरिकेतल्या पिक्चरमध्ये पळायला रस्ता तरी मोकळा मिळतो. आपल्याकडं हा पाठलाग पंधराच्या स्पीडनं होणार, आणि मला विचाराल तर तो जास्त जीव खाईल, कारण पळताही येत नाही आणि थांबताही येत नाही, आणि गाडीतल्या चौघांना एकमेकांशी भांडायला भरपूर वेळ आहे. तेवढ्यावर दीड तास सहज निघतो. स्टार नको, गाणी नको.

शेवट हवा असेल तर आमचाच घ्या. समर्थ मंदिराच्या चौकात गाडी थांबली, आम्ही तिघं बसूनच होतो, कुणाला उतरायचा धीर होईना. धाकटा एकटाच उतरला, कुणाशी काही बोलला नाही, गाडीच्या मागं गेला आणि स्वेटरच्या बाहीनं काचेवरचं आपलं नाव पुसलं. आम्हाला ते उलटं दिसत होतं. त्या मागच्याला अख्ख्या रस्त्यात सरळ वाचता येत होतं.