उन्हाळा सरल्यावर त्याची कविता

उन्हाळ्याच्या आठवणींवर कविता लिहिणं आता शोभत नाही, असा एक सूर महाराष्ट्रातल्या चर्चांत अधूनमधून लागतो. ऊन माणसांच्या जिवावर उठलंय आणि कवींना अजून गुलमोहोराचं कौतुक, अशी तक्रार. इंग्लंडमध्ये बसून वाचताना ती मला निम्मी पटते.

इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतली की पाचच्या आत काळोख होतो. मग उन्हाची आठवण येणारच, आणि ती गोड होऊनच येणार. पण १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीत पारा ४०.३ अंशांवर गेला होता. हिवाळ्यात ऊब धरून ठेवणारी इथली घरं तेव्हा रात्रीसुद्धा निवत नव्हती. ते दिवस वगळून उन्हाळा आठवायचा, तर तक्रार करणारेच खरे.

मात्र आठवणीतली कविता गुळगुळीतच असते, हे मला मुळीच मान्य नाही. कालिदासाचं सहा ऋतूंवरचं संस्कृत काव्य 'ऋतुसंहार' सुरू होतं तेच ग्रीष्माने. त्यात तापलेल्या धुळीने होरपळलेला साप चक्क मोराच्या सावलीला येऊन पडतो. आटत चाललेल्या गढूळ तळ्यातून बेडूक बाहेर उडी मारतो आणि तहानेने व्याकूळ सापाच्या फण्याखाली बसतो. कुणाच्याच अंगात वैर करण्याइतकं त्राण उरलेलं नाही! पाऱ्याचा आकडा वाचून मला हे कधी कळलं नसतं.

इंग्रज कवी जॉन कीट्सने शरदावरची कविता सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टरला लिहिली. त्यातल्या मधमाश्यांची पोळी इतकी ओथंबली आहेत, की उबेचे दिवस संपायचेच नाहीत असं त्यांना वाटतं. उन्हाळा तिथे आहे, पण जायला निघालेला.

अंगाची काहिली होत असताना शब्द सुचत नाहीत. हवा पालटली, डोकं शांत झालं, की काय सोसलं ते नीट दिसू लागतं. म्हणून ऋतू बदलताना मागे वळून पाहणाऱ्या कवीला पळपुटा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. खरी उणीव वेगळीच आहे. सावलीत बसून पाहिलेला उन्हाळा आपल्या कवितेत भरपूर आला. भर दुपारी रस्त्यावर डांबर अंथरणाऱ्यांचा आणि पत्र्याच्या छपराखाली रात्र काढणाऱ्यांचा फार कमी. दिवाळी अंकांच्या संपादकांनी तो आवर्जून मागवावा. अंक निघेपर्यंत पाऊस होऊन गेलेला असतो आणि मे महिना कुणाच्याच बोलण्यात उरलेला नसतो.