टोल्युईनच का, पाणी का नाही?

नमस्कार सर,

टोल्युईनवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. थिनरमधल्या या विषारी द्रवाचं विद्यार्थ्यांपुढे कौतुक कशाला, आणि प्रकाश मोजायच्या उपकरणात पारदर्शक द्रवच हवा तर पाणी काय वाईट?

आधी पाण्याचं बोलतो. पुण्यात आपल्या पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर (प्लॅस्टिकसारख्या लांबलचक रेणूंच्या पदार्थांवर) संशोधन चालतं. पॉलिमरचा रेणुभार काढायची एक पद्धत अशी: द्रावणातून लेझर सोडायचा आणि वेगवेगळ्या कोनांतून किती प्रकाश विखुरतो ते मोजायचं. हा प्रकाश फारच क्षीण. नमुन्याच्या काचनळीवरून परावर्तित झालेला किरण त्यात मिसळला, तर मोजमाप वाया गेलं. दोन पदार्थांचे अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात किती वळतो ते सांगणारा आकडा) जितके जवळ, तितकं त्यांच्या सीमेवरचं परावर्तन कमी. नळीच्या बोरोसिलिकेट काचेचा (प्रयोगशाळेतल्या उष्णतारोधक काचेचा) अपवर्तनांक सुमारे १.४७. बाहेर हवा असेल तर त्या पृष्ठावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जवळपास ३.६ टक्के परत फिरतो. नळी पाण्यात (१.३३) ठेवली तर ०.२५ टक्के. टोल्युईनचा अपवर्तनांक २० अंश सेल्सिअसला १.४९६, त्यामुळे त्यात हेच परावर्तन ०.००८ टक्क्यांच्या आसपास येतं. पाण्याच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकं! एवढ्यासाठीच नळीभोवती टोल्युईन भरतात. तापमान अंशभर वाढलं की त्याचा अपवर्तनांक साधारण ०.०००६ ने उतरतो, म्हणून सोबत तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट लागतोच.

उपकरणाच्या कॅलिब्रेशनलाही (ओळखीच्या द्रवावरून मोजमाप जुळवून घ्यायला) तेच वापरतात. टोल्युईन पाण्याच्या दहापटीहून जास्त प्रकाश विखुरतं. पाण्यातून विखुरणारा प्रकाश इतका कमी, की चार धूलिकण राहिले तरी त्यांचाच प्रकाश वरचढ होतो.

विषारीपणाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्याच्या वाफेचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि ज्वलनबिंदू (ठिणगीनं वाफ पेटू शकेल असं किमान तापमान) अवघा ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेही ती वाफ ठिणगीनं पेटू शकते. शाळेच्या वर्गात टोल्युईन नकोच.

वर्गात मेडिकलमधलं ग्लिसरीन घ्या. त्याचा अपवर्तनांक १.४७३, बोरोसिलिकेटच्या अगदी जवळ. काचकांडी बुडवली की मुलांना ती जवळजवळ दिसेनाशी होते. (उपकरणात मात्र ग्लिसरीन चालत नाही; दाट असल्यानं ते गाळणं कठीण.) कांडी बोरोसिलिकेटचीच हवी, साध्या काचेची अंधूक दिसत राहते. आणि बाटली उघडी ठेवू नका: ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, अपवर्तनांक उतरतो आणि प्रयोग फसतो.