मी वकील नाही, पण...

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत मी इंटर्न म्हणून लागलो, तेव्हा घरच्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं की पोरगा कोर्टात जातो. कोर्टाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. माझं खातं निराळं. भाडेकरूंच्या दारोदार फिरायचं, गाऱ्हाणी ऐकायची आणि सगळ्यांना एका सभेला आणून बसवायचं. कागदोपत्री हे लोकसंघटन. प्रत्यक्षात सतरंज्या उचलण्याचंच काम. फक्त सतरंज्यांच्या जागी खुर्च्या, आणि शेवटी प्रमाणपत्र.

रुजू होताच वकीलबाईंनी बजावलं, "कायद्याची माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही."

"फरक काय?"

"नोटिशीला मुदत असते, ही माहिती. तुम्ही अमुक उत्तर द्या, हा सल्ला. तू ठोकून दिलेल्या उत्तरावर विसंबून कुणाची मुदत टळली, तर घर त्याचं जाईल. तुझं नाही."

पटलं. तेवढ्यात संघटक दादांनी बाजूला घेतलं. "लोक जे स्वतः करू शकतात, ते त्यांच्यासाठी कधीही करायचं नाही." संघटकांच्या पंथात हा पोलादी नियम मानतात. शिकागोतल्या कत्तलखान्यांच्या वस्तीत 1939 साली सॉल अलिन्स्की यांनी रहिवाशांची परिषद उभारली, त्या परंपरेतला. म्हणजे एकीनं बोलायला बंदी केली, दुसऱ्यानं करायला. माझ्या हाती उरला क्लिपबोर्ड.

कुरकुर केली की दादा ओबामांचा दाखला देतात. 1985 साली तेही शिकागोत हेच काम करायला गेले होते. तीन वर्षांनी ते सोडून कायदा शिकायला गेले, एवढं मात्र दादा गाळतात. मला विचाराल तर त्यांनाही दारोदार लोक सल्लाच मागत असणार.

कारण लोकांना दुसरं काही नकोच असतं. दार किलकिलं होतं, साखळी तशीच, आतून आवाज येतो, "आम्हाला काही घ्यायचं नाही." विकायला काही नाही म्हटलं की संशय आणखी बळावतो. मग ‘कायदेशीर मदत’ हे शब्द कानावर पडतात, साखळी निघते आणि घरातले सगळे कागद बाहेर येतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर माझ्यासमोर एक अख्खी पिशवी पालथी केली. जुनी बिलं, कुठल्याशा मिक्सरचं वॉरंटी कार्ड, भाड्याच्या पावत्या आणि तळाशी एक जाडजूड पाकीट. मालकाच्या वकिलाचं. चिकटपट्टीला हातही लागलेला नव्हता.

"उघडलं नाहीत?"

"मुद्दामच." आजोबा पुढे झुकले. "उघडलंच नाही, तर मिळालंच नाही. बरोबर ना?"

उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. "आजोबा, मी वकील नाही."

"मग आलास कशाला?"

याचं उत्तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नाही. मी कसंबसं म्हणालो की नोटिशींना मुदत असते, ही माहिती आहे, आणि पाकीट आजच आमच्या वकीलबाईंना दाखवा. "तूच उघड की," असंही ते म्हणाले. आजोबांना पाकीट स्वतः उघडता येत होतं. पोलादी नियम आडवा आला.

सभेआधी घरगुती बैठका घ्यायच्या, ही दादांची पद्धत. कुणा एकाच्या घरी चार-सहा शेजारी जमवायचे. कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस नावाचे संघटक याच वाटेनं माणसं जोडत. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ त्यांना 1952 साली भेटले आणि पुढे त्यांनीही हीच वाट धरली. आमच्या बैठकीत मात्र अन्यायी मालकाचं नावही निघेना. सगळा राग वरच्या मजल्यावरच्या काकूंवर, कारण गळती त्यांच्या न्हाणीघरातून. काकूही बैठकीत हजर होत्या आणि कुणाला ऐकत नव्हत्या. संघटकानं 70 टक्के ऐकावं, 30 टक्के बोलावं असं म्हणतात; मला तीस सेकंदही मिळाले नाहीत. भांडता भांडता काकूंनी पाइप बदलल्याची पावती आपटली. खालच्या ताईंनीही आपली काढली. तोच पाइप, तीच दुरुस्ती, आणि मालकानं पैसे दोघींकडून उकळलेले. खोली एकदम एका सुरात बोलायला लागली. मी तोंडही उघडलं नव्हतं. दादा म्हणाले, "मस्त घडवून आणलंस!"

सभेला ‘येतो’ म्हणणाऱ्यांतले निम्मेच येतात, हा संघटकांचा ठोकताळा. म्हणून खुर्च्या मुद्दाम कमी मांडायच्या. मागून आणाव्या लागल्या की सभा भरल्यासारखी वाटते. त्या दिवशी माणसं खरोखरच जास्त आली आणि खुर्च्या आणता आणता माझी कंबर धरली. काकूंनी आपण होऊन अध्यक्षपद घेतलं होतं. दाराशी हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायलाही त्यांनी ताईंना बसवलं. माझा क्लिपबोर्डही गेला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि आजोबा पाकीट उंचावून उभे राहिले. तोच प्रश्न. मी श्वास रोखला. इतके दिवस मला ज्याची मनाई होती, ते उत्तर आता साक्षात वकिलाच्या तोंडून मिळणार होतं.

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. सभा संपली की पाकीट घेऊन माझ्याकडे या."

सभेनं समाधानानं माना डोलावल्या. आजोबा खाली बसले आणि माझ्याकडे वळले. "बघ, वकील कसा बोलतो. शीक जरा."