सीडीसाठी म्हणून सगळं मास्टर मोडमध्ये?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला अजून फिरतो: "सीडीच काढायची ना? मग पहिल्या ट्रॅकपासून मास्टर मोड लाव. सीडी १६ बिटांची, हा मोडही १६ बिटांचा, सरळ उतरतं. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) मात्र ४८ किलोहर्ट्झ ठेव, जास्त ते चांगलं." रोलँडचं व्हीएस-१६८० हे हार्ड डिस्कवर अनेक ट्रॅक रेकॉर्ड करणारं मशीन माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे, म्हणून त्याच्याच हिशेबाने बोलतो. मास्टर मोड म्हणजे त्यातला कॉम्प्रेस न करता रेकॉर्ड करणारा मोड.

आधी ४८चं बघू, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. ऑडिओ सीडी ४४.१ किलोहर्ट्झचीच असते. हे मशीन ४८वर केलेलं गाणं ऑडिओ सीडीवर घेतच नाही आणि रेट ठरतो तो नवीन गाणं उघडतानाच. एका भजनी मंडळाचं अख्खं रेकॉर्डिंग मी ४८वर करून बसलो होतो. शेवटी लाइन आउटमधून वाजवून दुसऱ्या मशीनवर ४४.१ला परत घेतलं. 'जास्त चांगलं' म्हणता म्हणता एक अ‍ॅनालॉग फेरा पदरात पडला. ३२चंही तेच, वर १६ किलोहर्ट्झच्या पुढचं काही उरत नाही. टाळ ऐकून पाहा.

आता 'सीडी १६ बिटांची म्हणून ट्रॅकही १६ बिटांचे'. सीडीवर जातो तो शेवटचा स्टिरिओ, सुटे ट्रॅक नव्हेत. पखवाज, पेटी, आवाज यांची पातळी खालीवर करायची, रिव्हर्ब द्यायचा, मग बेरीज. हे सगळं मशीन आत २४ बिटांत करतं. त्याला एमटीपी, म्हणजे त्याच मशीनचा २४ बिटांचा रेकॉर्डिंग मोड, दिला तर हळू आवाजातल्या बारकाव्यांना जागा मिळते. १६ बिटांवर उतरायचं ते एकदाच, शेवटी. शिवाय मास्टर मोडमध्ये एका वेळी आठच ट्रॅक वाजतात, बाकी मोडमध्ये सोळा. आठात मंडळ बसवायचं म्हणजे टाळकरी आणि कोरस आधीच एकत्र दाबायचे. नंतर कोरस वर आला की टाळही वर!

"पण एमटीपी कॉम्प्रेस केलेला असतो." असतो, हे खरंच. एकदा घेतलेल्या ट्रॅकवर मला त्याचा त्रास कधी ऐकू आलेला नाही. बाउन्सचा (म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र करून नव्या ट्रॅकवर घेतल्याचा) बाउन्स, त्याचाही बाउन्स केलात तर मात्र प्रत्येक वेळी पुन्हा कोडिंग होतं. सोळा ट्रॅक असले की तेवढे बाउन्स लागत नाहीत, ही गंमत सल्ला देणारे विसरतात. दोनतीनच ट्रॅकचं काम असेल, सतार-तबला वगैरे, तर मास्टर मोड खुशाल लावा.

आणि डिस्क. मास्टर मोडमध्ये ४४.१वर एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साधारण ५.३ एमबी जातात, एमटीपीला कमी. सीडी लिहिण्याआधी मशीन डिस्कवरच इमेज, म्हणजे सीडीवर जाणाऱ्या सगळ्या डेटाची फाइल, बनवतं. तासाभराच्या सीडीला सुमारे ६३५ एमबी. ती जागा उरली नसेल तर गाणी तयार असूनही सीडी निघत नाही, आणि मग रात्री बसून टेक पुसावे लागतात.