डी विंगने मागच्या गेटने यावे म्हणे!

आज सकाळी नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे एका सोसायटीच्या मेन गेटवर नवी कोरी पाटी दिसली. पिवळ्यावर काळी अक्षरं, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. 'डी विंगच्या रहिवाशांनी व त्यांच्याकडे येणाऱ्यांनी मागील गेटचा वापर करावा. आदेशावरून.' डी विंग म्हणजे कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागून आलेले. ए, बी, सी मध्ये टू आणि थ्री बीएचके, डी मध्ये चिमुकले वन बीएचके.

आदेशावरून! कुणाच्या?

आपल्या मित्रयादीतल्या कुणाला ही पाटी बरोबर वाटणार नाही, त्यामुळे ती चूक का, यावर वेळ घालवत नाही. पण डी विंग तिथे का उभी आहे, हे आपल्यातल्याही निम्म्यांना माहीत नाही. 'बिल्डरने गरिबांसाठी थोडं केलं' असं बोलून लोक मोकळे होतात. बिल्डरने काही केलेलं नाही हो. २०१३ पासून राज्यात नियम आहे: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधायचं, तर २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. घर ३० ते ५० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेपाचशे चौरस फूट. कुणाला द्यायचं ती यादी म्हाडाची. २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही हे कायम आहे. २०११ च्या जनगणनेतच नाशिक १४ लाखांच्या पुढे होतं, त्यामुळे पळवाट नाही. म्हणजे ए, बी, सी ला जी परवानगी मिळाली तीच मुळी डी च्या अटीवर. डी नसती तर पाटी लावणाऱ्यांचा थ्री बीएचकेही नसता.

पळवाट नाही म्हटलं खरं, पण ती काढली जातेच. ४,००० चौरस मीटर म्हणजे चाळीस गुंठ्यांना थोडं कमी. दोन एकरांचा सलग तुकडा असतो. लेआउट मंजुरीला टाकायच्या आधी त्याचे पोटहिस्से पाडायचे, एक ३,९०० चा, दुसरा ३,९५० चा, एक भावाच्या नावावर, एक भागीदारी फर्मच्या. दोन्हीकडे वेगळा प्रकल्प, वेगळा रेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी), आणि आत जायला रस्ता मात्र एकच. हे ओळखायला वकील लागत नाही. दोन्ही सातबारे काढा, फेरफाराची तारीख बघा, मोजणीची तारीख बघा. परवानगीच्या अर्जाच्या तोंडावर जमीन फुटलेली दिसली की काय ते समजायचं. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या याच २० टक्क्यांवरून विधान परिषदेत गदारोळ झाला आणि तेव्हाच्या महापालिका आयुक्तांची बदली झाली. चार दिवस पेपरात बातम्या आल्या, मग आपण सगळे पुन्हा ट्रॅफिकवर बोलायला लागलो.

बिल्डर म्हणतात, स्वस्त घरांचा तोटा उरलेल्या ८० टक्क्यांच्या दरात घालावा लागतो. खरं आहे, घालतात. पुढे.

तर ती पाटी. ती वाचून मागच्या गेटकडे वळलेल्या एक ताई होत्या, हातात स्टीलचा डबा. त्याच सोसायटीत ए आणि बी मधल्या चार घरी पोळ्या करतात आणि राहतात डी मध्ये. म्हणजे सकाळी सात वाजता पोळ्या करायला मेन गेटने आलेल्या चालतात, दहा वाजता स्वतःच्या घरी जायला चालत नाहीत. मालकीण म्हणून आल्या की मागून!

सोडतीत नंबर लागणं हा या सगळ्यातला सोपा भाग. समजा पंधरा लाखांचा फ्लॅट आहे आणि नवरा-बायकोची मिळून कमाई महिन्याला पंचवीस हजार, त्याची अंबडला कंत्राटी नोकरी, तिच्या पोळ्या. गृहकर्ज फार तर ९० टक्के, साडेतेरा लाख. वरचे दीड लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणीचा एक टक्का आणि काम पूर्णत्वाच्या दाखल्याआधी घेतलं तर एक टक्का जीएसटी, हे सगळं खिशातून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ११,७०० बसतो. बँक कमाईच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ता धरते, त्यामुळे कागदावर हे जेमतेम जमतं. पण पोळ्यांचे पैसे रोख, ते बँकेच्या लेखी शून्य. मग फक्त नवऱ्याचा पगार धरतात आणि कर्ज सात-आठ लाखांवर येतं. उरलेलं कुठून आणायचं? रोखीची कमाई अंदाजाने धरणाऱ्या गृहवित्त कंपन्या आहेत, पण त्यांचा दर चढा. बारा टक्के लागला तर तोच हप्ता पंधरा हजारांच्या जवळ जातो. इथेच माणसं घर सोडून देतात आणि आपण म्हणतो, 'बघा, घरं पडून आहेत, लोकांनाच नकोत.'

यावर एक फुकटातला उपाय आहे. पोळ्या, धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला यूपीआयने त्यांच्या खात्यात द्या. चार घरांनी बारा महिने दिला की बँकेला दाखवायला वर्षाचं स्टेटमेंट तयार. पाटीसाठी वर्गणी काढणाऱ्यांना एवढं जमायला हरकत नव्हती.

आणि कागद. हल्ली म्हाडाचा अर्ज ऑनलाइन आणि पात्रता सोडतीच्या आधीच तपासतात, ही सुधारणा चांगलीच. पण आधार, पॅन, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा विवरणपत्र, लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचंही आधार-पॅन, हे सगळं आधी तयार लागतं. अधिवास दाखला २०१८ नंतरचा, बारकोडवाला. जुना लॅमिनेट करून जपलेला उपयोगाचा नाही. बरेच अर्ज अडतात ते बायकांच्या नावावरून. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो काढा, मग पॅन दुरुस्त करा, यात आठवडे जातात आणि अर्जाची मुदत निघून जाते. त्यामुळे जाहिरात यायची वाट बघायची नाही, नाव आजच सारखं करून घ्यायचं.

पंतप्रधान आवासबद्दलही गैरसमज फार. 'गावाला घर आहे ना, मग आपल्याला मिळणार नाही' असं सुरगाणा-पेठहून आलेली कितीतरी कुटुंबं धरून बसतात. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर लग्न झालेल्या मुलाला त्याने आडकाठी येत नाही. वडील गेल्यावर वारस म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, त्याचं नाव लागलं आणि घर पक्कं असलं, तर मात्र येते. तेव्हा आधी नमुना आठ काढून बघावा, मग नाही म्हणावं. नव्या टप्प्यात कर्ज २५ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत असेल तर व्याजाचं अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतं. तेही एकरकमी नाही, पाच वार्षिक हप्त्यांत. कुणी एजंट 'दोन लाख लगेच खात्यात' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

थोडं शांत होऊन लिहितो. पाटी लावणाऱ्यांची एक तक्रार असते की डी वाले मेंटेनन्स थकवतात. काही थकवतात, मान्य. ए मधले थकवत नाहीत का? आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नियमांनुसार) वॉचमन, जिन्यातले दिवे, झाडलोट असे सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखे असतात. म्हणजे सव्वातीनशे फुटांच्या घराला वॉचमनचे तेवढेच पैसे, जेवढे बाराशे फुटांच्या घराला. ज्याच्या पगाराला डी मधली बाई हातभार लावते त्याच वॉचमनने तिला मागच्या गेटकडे बोट दाखवायचं! दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या प्रमाणात असतो, तिथे लहान घराला कमी पडतो. खरं तर डी चं बजेट बिघडतं ते लिफ्ट, पंप आणि टँकरने. टँकरचा उन्हाळा आला की हप्ता भरून उरलेल्या पैशांत हजार-दीड हजाराचा मेंटेनन्स बसत नाही. पहिल्या दोन वर्षांत व्याजाचा बोजा वाढायच्या आत थकलेल्या मेंटेनन्सचे हप्ते पाडून दिले तर बरीचशी थकबाकी वसूल होते. कमिटीने अकाउंटंटला सांगायचं, एवढंच.

सिडकोची आठवण येते अशा वेळी. या सरकारी महामंडळाने सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी सहा योजनांत छोटी छोटी घरं बांधली, लोकांनी दागिने मोडून ती घेतली, वर मजले चढवले, त्याच घरांतून इंजिनिअर आणि डॉक्टर बाहेर पडले. पाटी लावणाऱ्या कमिटीतले निदान दोघे त्याच घरांत वाढलेत. नावं लिहीत नाही. त्यांना कळेल.

गेटबद्दलही बोलून टाकतो. सामाईक जागा सगळ्या सदस्यांची असते, विंगनुसार वाटून घेता येत नाही. डी पुढे पत्रे ठोकून वेगळं करायचं म्हणाल, तर उंच इमारतीभोवती अग्निशमनचा बंब फिरायला सहा मीटर मोकळी वाट लागते. त्या पत्र्याने ती चार मीटरची होईल आणि आग काही विंग बघून लागत नाही.

मंजूर नकाशा कुणीही मागू शकतं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महापालिकेचा नगररचना विभाग, तीस दिवस. या सोसायटीचा नकाशा डी मधल्या एका पोराने आधीच काढून ठेवलाय, आज दुपारी बघायला मिळाला. त्यात गेट एकच आहे, पुढचं. मागच्या बाजूला सलग रेघ आहे आणि तिच्यावर बारीक अक्षरांत 'कंपाउंड वॉल' लिहिलंय. म्हणजे डी विंगला ज्या गेटने पाठवताय ते मंजूर नकाशात नाहीच. भिंत कुणी फोडली, कुणाच्या परवानगीने, हा विषय रविवारच्या सभेत घ्यावा असं पत्र संध्याकाळी सेक्रेटरींकडे पोचलंय. पोच घेतली आहे.