गाळ्यातले उंदीर आणि प्रयोगशाळेतले उंदीर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चिडूनही लिहिली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायला बरं वाटेना. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रसायनांच्या चाचण्यांवरच्या लेखात मी लिहिलं होतं की प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगावर काहीही न टोचता, न पाजता गाठी येतात. तुम्ही म्हणता, ही कंपन्यांची पळवाट आहे. मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यावर तुमची हयात गेली, पण गाठ आलेला उंदीर एकदाही दिसला नाही. मग भल्यामोठ्या गाठी लोंबणाऱ्या उंदरांचा तो गाजलेला फोटो काय खोटा? तो परिच्छेद काढून टाका, असंही तुम्ही बजावलं आहे.

आधी गाळा. तुमच्या पोत्यांमागचा उंदीर मांजर, पिंजरा आणि गोळी यांतून वाचून वर्षभर जगला तरी पुष्कळ. कर्करोगाच्या चाचणीतला उंदीर २ वर्षं सांभाळतात, म्हणजे चांगला म्हातारा होईपर्यंत. खाणं चोवीस तास पुढ्यात, हिंडायला हातभर पिंजरा, आणि लग्नं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कळपातच. अशा जनावराच्या अंगावर म्हातारपणी काहीच उगवलं नाही, तर मला शंका येईल. खाणं मोजून दिलं तर गाठी कमी होतात, हे किमान १९४०च्या दशकापासून माहीत आहे.

त्यातही वंशावंशात फरक असतो. स्प्रेग-डॉली या प्रयोगशाळेतल्या वंशाच्या म्हाताऱ्या माद्यांना स्तनाच्या गाठी सर्रास होतात. या उंदरांची स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असते. म्हणून काखेत, पोटाशी, कुठेही फुगवटा आला की वरून बघणाऱ्याला तो कातडीचाच वाटतो. नरांमध्ये कातडीखाली तंतुमय गाठी जास्त दिसतात. बोटाला लागलेली गाठ स्तनाची, कातडीची, चरबीची की नुसता गळू, हे तुकडा कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

आता फोटो. तो खोटा नाही. २०१२ साली फ्रान्समधले संशोधक सेरालिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक बदललेला मका आणि राउंडअप तणनाशक यांवर २ वर्षांचा प्रयोग छापला, त्यातला तो आहे. वंश स्प्रेग-डॉलीच. उंदीर २००, पण गट इतके पाडले की प्रत्येक गटात १० नर आणि १० माद्या उरल्या. ज्यांना मका किंवा तणनाशक दिलं त्या माद्यांपैकी ५० ते ८० टक्क्यांना गाठी झाल्या, आणि काहीच न दिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. हे आकडे त्यांचेच. पण १० माद्यांतले ३० टक्के म्हणजे ३ माद्या. त्या वंशात दुसऱ्या वेळी तेच ३ नुसत्या योगायोगाने ५ किंवा ६ होऊ शकतात. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. लबाडी सापडली नाही, पण निष्कर्ष काढता येत नाही, असं कारण दिलं. २०१४ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: काही न दिलेल्या ज्या ३ माद्यांना गाठी झाल्या, त्यांतल्या एकीचाही फोटो शेजारी नव्हता. तो असता तर तुम्हीच मला वेगळी प्रतिक्रिया लिहिली असती.

पण तुमच्या संशयात तथ्य आहे, आणि त्याची जागा मी दाखवतो. ‘आपोआप आली’ म्हणून गाठ बाजूला सारणं फार सोपं असतं. ओळखीसाठी कानाला धातूची पट्टी ठोकलेल्या उंदरांत नेमक्या त्या जागी कातडीचा कर्करोग झालेला आहे. कातडीखाली बसवलेल्या चिपभोवतीही गाठी झाल्या आहेत. आणि आपल्या जवळचंच उदाहरण नवी मुंबईतल्या खारघरचं. तिथे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात बिनकेसांच्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या छोट्या उंदरांच्या नाकातोंडाभोवती चामखिळीसारखे पुंजके उठले. शोध घेतला तेव्हा त्यामागे एक विषाणू निघाला. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांना लागण करणारा पॅपिलोमा विषाणू, म्हणजे चामखिळी उठवणाऱ्या जातीचा विषाणू, त्याआधी कुणाला ठाऊकच नव्हता. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या पिंजऱ्यांतल्या गाठी कुणी ‘होतातच अशा’ म्हणून सोडून दिल्या असत्या तर?

दुसरी जागा आकडेमोडीतली. एखाद्या औषधाच्या गटात गाठी वाढल्या की अहवालात वाक्य येतं, ‘आमच्या जुन्या नोंदींच्या मर्यादेतच आहे’. जुन्या नोंदी, म्हणजे आधीच्या प्रयोगांत काही न दिलेल्या उंदरांना किती गाठी झाल्या त्याच्या, कामाच्या असतात, विशेषतः दुर्मीळ गाठींसाठी. पण त्या दुसऱ्या खाद्यावरच्या, दुसऱ्या वर्षीच्या, कधी दुसऱ्याच पॅथॉलॉजिस्टने वाचलेल्या. तुलना आधी त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच खाद्यावर वाढलेल्या बिनऔषधाच्या उंदरांशीच व्हायला हवी. तिथे फरक दिसत असेल आणि कंपनी जुन्या वह्या उघडत असेल, तर काका, तुम्ही खुशाल ओरडा, मीही ओरडेन. पण ओरडायलासुद्धा काही न दिलेल्या उंदरांच्या गाठी कुणीतरी प्रामाणिकपणे मोजलेल्या लागतात.

‘मग मुक्या जनावरांना छळताच कशाला’ या तुमच्या प्रश्नाला इथे न्याय देता येणार नाही. एवढंच सांगतो की आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ पासून बंद आहे, आणि नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये पेशींवरच्या पद्धतींनाही वाट करून दिली आहे.

परिच्छेद काढत नाही. खारघरचा किस्सा मात्र त्यात आजच घालतो.