स्टोअर बेचे खेकडे आणि कळंगुटची इडली

गोव्यात परदेशी पर्यटक कमी का झाले, याचं एक कारण म्हणून कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये इडली-सांबार आणि वडापावाचं नाव घेतलं. गोंयकार आपले किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, बाहेरच्यांना भाड्याने देतात आणि बंगळुरूहून आलेले लोक तिथे हे पदार्थ विकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी, २०२३ मध्ये, गोवा सरकारने नव्या शॅक धोरणात अटच घातली होती की शॅकमध्ये गोव्याची मासळीची कडी आणि भात मिळालाच पाहिजे. मी वेंगुर्ल्याची. गोव्यात जे आज होतं ते आमच्या सिंधुदुर्गात उद्या होतं, म्हणून घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा विषय अजून निवलेला नाही. मामा म्हणतो, मालवणच्या हॉटेलांतून पनीर टिक्का आणि मंचुरियन हद्दपार करा. मावसभावाचं छोटं रिसॉर्ट आहे. तो म्हणतो, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, नाहीतर खोल्या रिकाम्या राहतात.

मी कॅरिबियनमधल्या त्रिनिदादमध्ये राहते, पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. इथून पाहताना मला वाटतं की इडलीवरचा राग चुकीच्या जागी आहे आणि भाड्याने दिलेल्या शॅकवरचा राग अगदी योग्य जागी आहे. हे दोन राग एकाच वाक्यात आल्यामुळे खरा प्रश्न हरवतो. माझं हे मत पक्कं झालं ते टोबॅगोच्या स्टोअर बे या किनाऱ्यावर जेवताना.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा एक देश. टोबॅगो धाकटं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून विमानाने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येतं आणि क्राउन पॉइंटच्या विमानतळावरून स्टोअर बेला चालत जाता येतं. किनारा लहान आहे. त्याच्या जवळच खाण्याच्या गाळ्यांची ओळ आहे आणि पाट्यांवर बायकांची नावं: मिस जीन, मिस एस्मी, मिस ट्रिम. खिडकीशी उभं राहायचं, आज काय आहे ते वाचायचं, पैसे द्यायचे आणि ताट घेऊन समोरच्या बाकावर बसायचं. दुपारी तिथे टॅक्सीवाले असतात, विमानतळावरचे कर्मचारी असतात, पोहून आलेली ओली पोरं असतात, परतीच्या विमानाची वाट पाहणारी त्रिनिदादची कुटुंबं असतात आणि त्यांच्यात अधूनमधून एखादं इंग्लंडहून आलेलं जोडपं. सगळ्यांना तेच अन्न, त्याच भावात.

तिथला मानाचा पदार्थ म्हणजे खेकड्याची करी आणि डंपलिंग. खेकडे कवचासकट फोडून हिरव्या मसाल्यात मुरवतात. त्या मसाल्यात लसूण, कांद्याची पात, थाईम आणि चॅडन बेनी नावाची लांब, कातरलेल्या कडांची पानं असतात, वासाला कोथिंबिरीसारखी पण बरीच उग्र. करी पावडर पाण्यात कालवून गरम तेलात टाकतात आणि ती दाट होऊन कडेने तेल सोडू लागली की त्यात खेकडे घालतात. मग नारळाचं दूध. डंपलिंग मैद्याची, चपटी आणि जाड, पाण्यात उकडलेली. त्यांना स्वतःची चव फारशी नसते, त्यांचं काम रस्सा धरून ठेवायचं. सोबत उकडलेलं कोनफळ, कच्ची केळी, कसावा. आणि कॅलालू: अळूची पानं आणि भेंडी नारळाच्या दुधात शिजवून घोटलेली. चिंच-गूळ आणि शेंगदाणे नाहीत, पण अळूच्या फदफद्यावर वाढलेल्या माणसाला ती वाटी परकी वाटत नाही. मी नांगी दातांनी फोडून खाते, कोपरापर्यंत रस्सा ओघळतो, आणि शेजारी बसलेल्या कोणालाही त्यात वावगं दिसत नाही. मुंबईच्या हॉटेलात मासे काट्या-चमच्याने खाण्याचा आव आणणारी आपली माणसं पाहिली की मला हे बाक आठवतात.

आता या करीचा इतिहास पाहा. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून दोनशेवर मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत करारावर आणलेल्या या माणसांची संख्या १ लाख ४० हजारांच्या वर गेली. बहुतेक जण भोजपुरी आणि अवधी मुलखातले. गुलामी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून त्यांना आणलं. हे सगळं मुख्यतः त्रिनिदादमध्ये. टोबॅगो हे तेव्हा वेगळं बेट होतं, ब्रिटिशांनी १८८९ मध्ये ते त्रिनिदादला जोडलं, आणि आजही तिथली बहुसंख्य माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची वंशज आहेत. म्हणजे ज्या बेटावर भारतीय वंशाचे लोक अगदी थोडे, त्या बेटाने करीला आपला मानाचा पदार्थ केला. ती करी खरी कोणाची, असा वाद मी तिथे कधी ऐकला नाही. तीच गोष्ट त्रिनिदादच्या डबल्सची. हळद घातलेले दोन मऊ बडे, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये छोले, वरून कुचेला हे कैरीचं लोणचं आणि तिखट. प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने १९३० च्या दशकात ते विकायला सुरुवात केली, आणि आज सकाळी गाडीभोवती सगळ्या वंशांची माणसं उभी असतात. विक्रेता फक्त तिखट किती एवढंच विचारतो.

म्हणून इडलीला परकी ठरवून हाकलण्यात मला न्याय दिसत नाही. गोव्याचा पाव पोर्तुगीजांमुळे आला, मिरची, काजू, बटाटा हे सगळं अमेरिका खंडातून आलं. आपल्या तिरफळ-कोकमाच्या कालवणातली लाल मिरचीसुद्धा. चार पिढ्या कळंगुटात शिजली आणि कळंगुटच्या माणसांनी खाल्ली, तर इडलीही गोंयची होईल.

पण ‘कळंगुटच्या माणसांनी खाल्ली तर’ या शब्दांवर सगळं अडलेलं आहे. शॅकचा परवाना एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, भाव फक्त पर्यटकाला परवडेल असा, आणि गावातला माणूस तिथे पाऊलही टाकत नाही. अशा जागी कडी-भात मेनूवर सक्तीने लिहिला तरी तो कोण चाखून सांगणार की कडीत सोल, म्हणजे कोकम, कमी पडलं? स्टोअर बेच्या खिडकीवर रोज जेवणारा टॅक्सीवाला हे तोंडावर सांगतो. चव राखणारा खरा पहारेकरी तोच आहे. गोवा सरकारच्या अटीमागची तळमळ मला समजते, पण ती अट मेनूकार्डावर लागू होते, गिऱ्हाइकावर नाही. आणि शॅकमध्ये राबणारा झारखंडचा किंवा नेपाळचा मुलगा या वादात मुळीच दोषी नाही. तो पोटासाठी आला आहे, जसे फतेल रझाकवरचे लोक आले.

मावसभावाचा मुद्दाही मी झटकून टाकत नाही. पण सिंधुदुर्गात येणारा पर्यटक पुण्याचा, मुंबईचा, कोल्हापूरचा, बेळगावचा आहे. त्याला मासे नको असतील तर त्याच्यापुढे पनीरच ठेवावं लागतं, हे मला पटत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, ओल्या काजूची उसळ आहे, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, घावणे, सोलकढी आहे. हे आपल्या घरात रोज होतं आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर शोधूनही सापडत नाही, कारण घरचं ते विकण्याजोगं नाही अशी आपलीच समजूत. शाकाहारी-मांसाहारी या भांडणात आपण हे पदार्थच विसरून गेलो. याचं मला फार वाईट वाटतं.

टोबॅगोही काही आदर्श बेट नाही, हेही सांगायला हवं. डंपलिंगचा गहू बाहेरून येतो. इथे गहू पिकत नाही. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये केएफसीपुढे ज्या रांगा लागतात त्या पाहून ‘स्थानिक चव जपणारा देश’ असं म्हणायला जीभ धजत नाही. आणि स्थानिकांच्या हाती किनारा ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. सँडल्स या मोठ्या कंपनीने टोबॅगोत बुकूजवळ प्रचंड रिसॉर्ट उभारायचं ठरलं होतं. २०१७ मध्ये सरकारशी समझोता झाला. प्रवाळ आणि खारफुटीचं काय, सवलती किती, करार लोकांपुढे का ठेवत नाही, असे प्रश्न उठले, आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. टोबॅगोच्या एका सहकाऱ्याला त्याची अजून हळहळ आहे. विमानं वाढली असती, मुलांना नोकरीसाठी पोर्ट ऑफ स्पेन गाठावं लागलं नसतं, असं तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. तरी मी रिसॉर्ट आलं नाही याच बाजूची. सगळं जेवण-खाण खोलीच्या भाड्यात धरणाऱ्या रिसॉर्टमधला पाहुणा दुपारी कुंपणाबाहेर येऊन खिडकीशी उभा राहील, अशी शक्यता थोडी. शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलाचा वाद आमच्याकडे कित्येक वर्षं रेंगाळला, त्यात जमिनीच्या मोबदल्यावर खूप बोललं गेलं. दुपारचं जेवण पर्यटक कुठे घेणार, यावर मी तरी फारसं काही ऐकलं नाही.

किनारा लोकांचा राहावा म्हणून इथे पूर्वीही झगडा झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्रिनिदादमधल्या चॅगवरॅमसला नौदलाचा तळ केला आणि राजधानीच्या लोकांचे जवळचे समुद्रकिनारे गेले. त्याची भरपाई म्हणून अमेरिकनांनी डोंगरातून उत्तर किनाऱ्यावर मराकसपर्यंत रस्ता बांधून दिला, तो १९४४ मध्ये खुला झाला. पुढे एप्रिल १९६० मध्ये पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी तळ परत मागण्यासाठी भर पावसात मोर्चा काढला. आज रविवारी मराकसला अर्धं पोर्ट ऑफ स्पेन लोटतं. तिथलं खाणं म्हणजे बेक नावाच्या तळलेल्या फुगीर पावात घातलेली मोरी, म्हणजे शार्क मासा, वर चिंचेची चटणी, लसणाची चटणी, अननस, काकडी, कोबी. मोरीचं मटण खाऊन वाढलेल्या मला ती लगेच भावली. पण मोरी सावकाश वाढते, पिल्लंही थोडी देते, म्हणून आता मी बेकमध्ये सुरमईच मागते.

सुरमईवरून आमच्या किनाऱ्याकडे यावंच लागतं. स्थानिक जेवण म्हणजे शेवटी स्थानिक मासळी. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी मालवणचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीनविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध त्यानंतरही पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मासे लागत नाहीत आणि सुरमईची थाळी गावातल्या माणसाला सणासुदीला परवडते. मेनूतून मंचुरियन काढल्याने यातलं काहीही सुधारणार नाही.

महाराष्ट्राने २०२० मध्ये स्वतःचं बीच शॅक धोरण मंजूर केलं. आठ किनारे, प्रत्येकी दहा शॅक. आमच्या जिल्ह्यातले कुणकेश्वर आणि तारकर्ली त्यात आहेत. स्थानिकांना प्राधान्य हे शब्द त्यातही आहेत. माझं मागणं त्यापुढचं आहे. परवाना ज्याच्या नावावर, त्याचं किंवा तिचं नाव मोठ्या अक्षरात पाटीवर असू दे, आणि ती व्यक्ती हंगामात तिथे हजर असते की नाही हे ग्रामसभेने पाहावं. पोटभाडेकरू सापडला तर परवाना रद्द, आणि तो गावातल्याच पुढच्या अर्जदाराला. दहातले निदान चार गाळे बचत गटांना कमी भाड्याने द्यावेत, कारण मोठी अनामत भरायची ताकद ज्यांच्याकडे नसते त्यांच्याच हातात आपली चव आहे. एक थाळी अशी असू दे की तिचा भाव गावातल्या रिक्षावाल्याला रोज झेपेल, मग त्यात सुरमई नसली तरी चालेल, बांगडा-तारली असू दे. बाकी मेनूत कोणी इडली ठेवली तर खुशाल ठेवावी.